‘कंदिसा’ : घर सोडलेली गाणी

(भीमाशंकर इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथं तसाच ठेवला आहे.)



रॉकच्या अल्बमवर बोलायचं तर मुंबई-पुण्यात बोलावं, इतक्या वर भीमाशंकरला येऊन कशाला, असं कोणाच्याही मनात येईल. आम्हाला मात्र या अल्बमसाठी याहून सोयीची जागा सुचत नाही. कारणं दोन आहेत. एक वर देवळाजवळ टांगलेलं आहे आणि दुसरं खाली डिंभ्याच्या पाण्यात बुडालेलं आहे. दोन्हीकडं येऊ. आधी अल्बमची ओळख करून घेऊ, कारण इथं निम्म्या लोकांनी तो ऐकलेला असेल आणि निम्म्यांनी नसेल.

बँडचं नाव इंडियन ओशन, गाव दिल्ली. सुस्मित सेन गिटार वाजवायचे आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवत वाजवत गायचे, या दोघांनी १९९० मध्ये बँड सुरू केला. १९९१ मध्ये राहुल राम आले, बेस गिटार आणि गाणं घेऊन. १९९४ मध्ये अमित किलाम ड्रमवर बसले. पहिला अल्बम १९९३ चा, बँडच्याच नावाचा. दुसरा ‘डेझर्ट रेन’, १९९७ चा, तो मैफलीतच ध्वनिमुद्रित केलेला. आणि २००० साली टाइम्स म्युझिकनं काढलेला ‘कंदिसा’. म्हणजे या चौघांनी मिळून स्टुडिओत बसून केलेला हा पहिला अल्बम. सात रचना आहेत. ‘मा रेवा’, ‘कंदिसा’, ‘हिल्ले ले’, ‘क्या मालूम’, ‘कौन’, ‘खजुराहो’ आणि ‘लीव्हिंग होम’.

आता याला रॉक म्हणायचं, फ्यूजन म्हणायचं, की ऑल्टरनेटिव्ह रॉक? दुकानदाराला कप्पा लागतो म्हणून ही नावं असतात. तरी ‘ऑल्टरनेटिव्ह’ या शब्दाबद्दल दोन वाक्यं बोलायला हवीत. अमेरिकेत हा शब्द ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या रेडिओवरून वर आला. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत रॉकला पर्याय, असा त्याचा अर्थ. १९९१ मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि पर्यायच बाजार होऊन बसला. आपल्याकडं त्या काळात बाजार म्हणजे सिनेमाचं गाणं. त्यामुळं आपल्याकडच्या बँडनं पर्याय द्यायचा तो सिनेमाला, आणि दुसरा त्याहून अवघड, म्हणजे इंग्रजी गाण्यांची हुबेहूब नक्कल करून टाळ्या घेण्याच्या सवयीला. इंडियन ओशननं दोन्ही पर्याय दिले. त्या अर्थानं हा शब्द त्यांना जितका शोभतो तितका फार थोड्यांना शोभत असेल.

अल्बमचा आवाज कसा आहे, हे शब्दांत सांगणं कठीण, पण प्रयत्न करतो. सुस्मित सेन यांच्या गिटारला रॉकमधला तो फाटका, गुरगुरणारा आवाज बहुतेक नाहीच. ती सुटी आणि स्वच्छ वाजते. दोन-चार स्वरांभोवती फिरत राहते, पुन्हा तिथंच येते, आणि येताना थोडी वेगळी येते. तबला आणि ड्रम एकत्र आले की सहसा ड्रम तबल्याला खाऊन टाकतो. इथं तसं होत नाही, कारण अमित किलाम कुठं गप्प बसायचं ते जाणतात. आणि बेस! आपल्याकडं बेस म्हणजे लग्नाच्या डीजेत छातीत धडधडतो तो. (हशा) इथं बेस चाल सांगतो. गाणं चालतं ते बेसच्या पायांनी.

तुमच्याकडं पडकई आहे. डोंगराच्या उतारावर भातखाचर काढायचं म्हणजे एका घराचं काम नव्हे, गावानं मिळून एकेकाच्या शेतावर जायचं. चांगला बँड ऐकताना आम्हाला तेच आठवतं. इथं गिटारच्या अंगणात बाकीचे तिघं राबताहेत, मग तबल्याच्या अंगणात. एकट्यानं मिरवायची जागा या अल्बममध्ये फार कमी आहे, आणि ‘खजुराहो’सारख्या लांबलेल्या रचनेत ती येते तिथं अल्बम थोडा सैल पडतो, असं आमचं मत. दहा-बारा वेळा ऐकूनही ‘खजुराहो’ आम्हाला पूर्ण धरून ठेवत नाही. असो.

आता घंटेकडं येऊ. देवळाजवळची मोठी घंटा सगळ्यांनी पाहिलीय. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या विजयात मिळालेल्या घंटांपैकी ही एक. ओतली गेली चर्चसाठी. प्रार्थनेला लोकांना बोलवायला. मग युद्धाची लूट झाली, मग देवाचं दान झाली, आणि आता पावसाळ्यात धुक्यात तिचा आवाज आला की ती मुळातच इथली असावी असं वाटतं. धातू तोच, आवाज तोच. फक्त तो आवाज कोणाला कशासाठी बोलावतोय, ते बदललं.

‘कंदिसा’ हे शीर्षकगीत असंच घर बदललेलं आहे. ती केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. भाषा अरामाईक, येशूच्या काळात त्या मुलखात बोलली जायची ती, तिच्या सीरियाक शाखेतली. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. दिल्लीच्या चार पोरांना ती भाषा कळत नव्हती, आपल्यालाही कळत नाही. तरीही अल्बममधली ही सर्वांत थोर रचना आहे असं आम्ही कुठलाही संकोच न करता म्हणतो. का?

एक तर घाई नाही. गाणं संथ सुरू होतं, गळे एकामागून एक चढत जातात, आणि वाद्यं त्यांच्या मागं चालतात, पुढं पळत नाहीत. असीम चक्रवर्तींचा गळा घोटीव शास्त्रीय गळा नव्हे. त्यात थोडी माती आहे, आणि प्रार्थनेला ती लागतेच. दुसरं, बँडनं या प्रार्थनेचा अर्थ ‘समजावून’ सांगितलेला नाही. हिंदीत एखादं कडवं घालून तिला सोपी केली नाही. न कळणारी गोष्ट न कळणारी म्हणूनच आदरानं हातात धरलीय. परकी भाषा असल्यामुळं एक अंतर राहतं, आणि त्या अंतरानं गायकांना सावध ठेवलंय.

घंटा आणि हे गाणं यांच्यात एक मोठा फरकही आहे, तो विसरून चालणार नाही. घंटा जिंकून आणलेली आहे. गाणं कोणाकडून हिरावलेलं नाही. केरळच्या चर्चमध्ये ते अजून म्हटलं जातंच. गाण्याचं हे बरं असतं, दिलं तरी उरतं.

(इथं ‘कंदिसा’ वाजवून दाखवण्यात आलं.)

‘हिल्ले ले’वर थोडक्यात बोलतो. शब्द गोरख पांडे यांचे, भोजपुरी. मोर्च्यात गायला लिहिलेलं गाणं. अशी गाणी जन्मतःच बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेली असतात. आपल्या अमर शेखांची, अण्णाभाऊंची गाणी गिरणगावातून कुठं कुठं गेली, त्यांना कधी पासपोर्ट लागला नाही. त्यामुळं ‘हिल्ले ले’ स्टुडिओत आणलं तरी त्याचं फार काही बिघडत नाही. फक्त शंभर माणसांच्या दणदणाटासाठी केलेली ओळ चौघांनी गायली की ती जरा नीटनेटकी वाटते, इतकंच.

खरा पेच आहे तो ‘मा रेवा’चा. आणि त्यासाठीच आम्ही इथं आलोय.

रेवा म्हणजे नर्मदा. हे नर्मदेच्या खोऱ्यातलं पारंपरिक गाणं. राहुल राम यांचं शिक्षण पाहिलं तर ते प्रयोगशाळेत दिसायला हवे होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट केली. परत आले आणि नव्वदच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते म्हणून राहिले. तिथलं गाणं त्यांच्याबरोबर बँडमध्ये आलं.

गाण्यात एक वाद्य आहे, गबगुबी. बाऊल लोकांचं, बंगालकडचं. काखेत धरायचं, एका हातानं तार ताणायची आणि दुसऱ्यानं छेडायची, की आवाज गिळल्यासारखा वर-खाली होतो. अमित किलाम ते वाजवतात. ते ऐकून कोणाला काय आठवलं? … बरोबर, चौंडकं! यल्लमाच्या जोगत्यांचं चौंडकं याच गबगुबीचं सख्खं भावंड. दिल्लीच्या बँडमध्ये, नर्मदेच्या गाण्यात, बंगालचं वाद्य, आणि आपल्याला आठवतं सौंदत्तीच्या वाटेवरचं. या अल्बमची जादू म्हणायची तर ती ही आहे. आणि अडचणही हीच.

शब्द काय सांगतात ते पाहा. आई रेवा, तुझं पाणी निर्मळ आहे, ते खळाळत चाललंय. ती अमरकंटकहून निघाली. लोकांनी भक्तीनं सेवा केली. झालं. धरणाचा उल्लेख नाही, पोलीस नाहीत, घोषणा नाही. हे गाणं धरणाच्या कितीतरी आधीचं, त्याला धरण माहीत असायचं कारणच नाही. पण ज्या वर्षी ते अल्बममध्ये आलं त्या २००० सालीच, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयानं सरदार सरोवराचं थांबलेलं बांधकाम पुढं न्यायला परवानगी दिली. ते पाणी वाहतं आहे असं गाणं एकीकडं बाजारात येतंय, आणि दुसरीकडं ते पाणी अडणार हे ठरतंय. पुढं धरण १३८.६८ मीटरपर्यंत गेलं आणि १७ सप्टेंबर २०१७ ला त्याचं लोकार्पण झालं. गाण्यातली ‘खळाळत’ ही क्रिया त्या पट्ट्यात आता भूतकाळात वाचायची.

अल्बम ऐकताना यातलं काही जाणवतं का? आमचं उत्तर, नाही. गाणं सुरेख आहे, बेस नाचवतो, मैफलीत हजार पोरं तोंडपाठ म्हणतात आणि उड्या मारतात. आम्हीही मारल्यात. पण ज्या माणसानं ही नदी आंदोलनातून पाहिली त्याच्याकडून गाण्यात कुठंतरी एक गाठ राहील, असं वाटत होतं. एखादी जागा, जिथं ताल अडेल. तशी जागा नाही. सगळं सरळ धावतं. ‘कंदिसा’त जे अंतर राखलं, सावधपण होतं, ते इथं सुटलं, कारण भाषा ओळखीची होती. ओळखीच्या गोष्टीला आपण लवकर हात लावतो.

यावर समोरून एक उत्तर येऊ शकतं, आणि ते चांगलं उत्तर आहे. नदीचं दुःखच का गायला हवं? जिचं पाणी जाणार आहे तिचं पाणी निर्मळ आहे असं आनंदानं म्हणणं, हाच विरोध नव्हे का? खोऱ्यातल्या लोकांनीही आंदोलनात फक्त घोषणा दिल्या नाहीत, नदीची गाणीही म्हटली. आम्हाला हे मान्य आहे. पण ते म्हणणारा पाण्याच्या काठावर उभा असतो. त्याच्या आनंदाला पाठीमागून ते पाणी दिसतं. दिल्ली-मुंबईच्या सभागृहात पाठीमागं काळा पडदा असतो.

महाराष्ट्राचा त्यातला वाटा तर आणखीच झाकला जातो. सरदार सरोवरात आपल्या राज्यातली ३३ गावं येतात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पाणी आधी शिरलं ते मणिबेलीत, १९९३ मध्ये. मराठी वाचकाच्या कपाटात नर्मदा आहे, पण बहुतेक ती परिक्रमेची. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’. ती पुस्तकं आम्हालाही आवडतात. पण त्या नर्मदेच्या आपल्याच काठावर पावरी आणि भिलोरी बोलणारी माणसं राहतात. ‘मा रेवा’ची भाषा निमाडकडची. म्हणजे त्या ३३ गावांच्या आयाबायांची गाणी या गाण्यातही नाहीत. एक गाणं प्रसिद्ध होतं आणि सगळ्या काठांच्या वतीनं बोलायला लागतं. हे बँडनं ठरवून केलं नाही. प्रसिद्धी ते आपोआप करते.

शहाद्याकडचे आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. आम्ही ती इथं म्हणत नाही, फक्त आठवण करून देतो. खाली बसलेल्यांचं दुःख स्टेजवरचे खाली बसलेल्यांनाच सांगतात, असा तिचा प्रसंग आहे. रॉकचा बँड म्हटलं की स्टेज आलंच. ‘मा रेवा’वर आमची टीका आहे ती एवढीच, की या गाण्याला आपण स्टेजवर आहोत हे आठवत नाही. ‘कंदिसा’ला आठवतं.

आता खाली उतरू. मंचरहून घोडेगाव, पुढं डिंभे, मग घाट चढून वर इथं. येताना डाव्या-उजव्या हाताला जे पाणी दिसतं त्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर मुंबईत जीव देणारा बाबू गेनू याच तालुक्यातला, म्हाळुंगे पडवळचा. परक्याच्या ट्रकसमोर न हटलेल्या माणसाचं नाव, आपली माणसं हटवणाऱ्या पाण्याला दिलं, यावर आम्ही काही बोलत नाही. त्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे तेच गाव तालुक्यात नाही. पाण्याचा उपयोग खाली पूर्वेला झाला, ऊस उभा राहिला, हेही खरं आहे आणि ते खाणारे आपणही आहोत. घोड पुढं भीमेलाच मिळते, म्हणजे हे भीमेच्या घरातलंच भांडण.

इथल्या महादेव कोळी मंडळींनी त्या पाण्याशी नंतर जे केलं ते जगानं पाहिलं. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर, जलाशयात मासेमारीची संस्था, डोंगरावर पडकई. या कामात बरोबर असलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. काम पोचलं. गाणं पोचलं नाही. घोड नदीवरचं, आंबेगाव बुडाल्यावरचं एखादं गाणं एखाद्या बँडनं स्टुडिओत नेलं असतं, तर आपल्याला काय हवं असतं?

समीक्षेच्या नावाखाली आम्ही दिल्लीच्या बँडकडून जे मागतोय, ते आपल्या गाण्याबाबत मागून पाहू, म्हणजे मागणी रास्त आहे का ते कळेल.

पहिली मागणी नावाची. अशा गाण्यांपुढं सहसा ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द छापतात. परंपरा काही एकटी गात नाही. आपल्याकडंच गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या ‘परी’ संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येताहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव असतं, गाव असतं, बऱ्याचदा फोटोही. ओवी तर त्याहून ‘पारंपरिक’, तरी नाव लिहिता आलं. पॉल सायमनच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’वर दक्षिण आफ्रिकेत जाऊन ध्वनिमुद्रण केलं म्हणून भरपूर वाद झाला, पण लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो हे नाव त्या अल्बमनंच जगभर नेलं. म्हणजे हे जमतं. नाव लिहायला स्टुडिओत वेगळं यंत्र लागत नाही.

दुसरी मागणी खडबडीतपणाची. जात्याचं गाणं जात्याशिवाय म्हटलं की ते हलकं होतं, कारण त्यातला श्वास दगड ओढण्यानं तुटलेला असतो. तो तुटलेला श्वास दुरुस्त करू नका, एवढंच सांगणं. ‘मा रेवा’त तो दुरुस्त झालाय.

तिसरी मागणी करावी की नाही यावर आमच्यात एकमत नाही. आमच्यातले काही म्हणतात, गाण्याचे पैसे काठावर परत जायला हवेत. बाकीचे म्हणतात, कोणाकडे? कुठल्या काठावर? मणिबेली तर पाण्यात आहे. हा वाद आम्ही गाडीत घाटभर घातला आणि तो मिटलेला नाही.

हे सगळं म्हणूनही ‘कंदिसा’ हा अल्बम आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. तो नसता तर नर्मदेचं हे गाणं दिल्लीच्या, बंगळुरूच्या, आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या किती पोरांना माहीत झालं असतं? त्यातल्या एखाद्यानं तरी ‘रेवा म्हणजे कोण’ हे विचारलं असेल. मराठीत या जातीचा अल्बम आम्हाला अजून सापडलेला नाही. अभंगाला गिटार लावलेली आहे, त्यातली काही चांगलीही आहेत. पण अभंग आपल्याला आधीच मान्य आहे. आपल्या मान्यतेबाहेरचं, न कळणाऱ्या भाषेतलं काहीतरी धीरानं हातात घेणारा मराठी बँड अजून यायचाय. जुन्नर-आंबेगावातल्या पोरांकडं आज फोनमध्ये ध्वनिमुद्रण आहे, आजी घरात आहे. नारायणगाव शेजारी आहे, तिथं तमाशाच्या फडांना रात्रभर मैदान धरून ठेवायची विद्या येते. सामान सगळं आहे.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बँड सोडून बाहेर पडले. बँड आहे, नवे लोक आहेत, २०२३ मध्ये ‘तू है’ हा अल्बमही आला. पण ‘कंदिसा’चा तो चौघांचा आवाज आता ध्वनिमुद्रणातच आहे. जयदीप वर्मा यांनी या बँडवर एक माहितीपट केला, त्याचं नावही याच अल्बममधल्या एका रचनेवरून घेतलंय, ‘लीव्हिंग होम’.

ती रचना शेवटी लावतो. तिच्यात शब्द नाहीत. शब्द नसल्यामुळं ती निमाडी नाही, पावरी नाही, मराठी नाही, आणि कोणाच्या वतीनं बोलतही नाही. सुस्मित सेन यांची गिटार एकच लकेर धरून निघते, तिला सोडते, परत तिच्याकडं येते. पुढच्या रांगेतल्या ज्यांची घरं खाली पाण्यात आहेत त्यांना हे वाजवून दाखवावं का, यावरही आमच्यात चर्चा झाली, आणि तुम्हालाच विचारावं असं ठरलं. लावू ना? … लावतो. प्रश्न त्यानंतर घेऊ.